एंगाडीनला राहायला येणाऱ्या मराठी कुटुंबांना खुलं पत्र

स्वित्झर्लंडमधल्या माझ्या मराठी मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गणपतीत झुरिकला आरती झाल्यावर एका तरुण जोडप्यानं मला बाजूला घेतलं. नवऱ्याला एंगाडीनमध्ये नोकरी लागली होती, मुलगा पाच वर्षांचा. त्यांनी विचारलं, "तिथली शाळा म्हणे रोमान्शमध्ये असते. मुलाला जर्मनमधून शिकवायची काही सोय होईल का?" मी तोंड उघडायच्या आत शेजारचे दोघे-तिघे बोलून गेले, "रोमान्श शिकून करायचं काय? साठ हजार लोकांची भाषा!" मला शेवटची गाडी गाठायची होती. प्रसादाची पुडी पर्समध्ये टाकून मी निघाले आणि उत्तर तसंच राहिलं. ते आज सगळ्यांसमोर देते आहे, कारण हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. नऊ वर्षांपूर्वी मीही विचारला होता.

मी कुडाळकडची. नर्सिंग करून, जर्मनच्या परीक्षा देऊन इथे आले. नवरा हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आणि मी उंटर-एंगाडीनमधल्या एका वृद्धाश्रमात परिचारिका. उंटर-एंगाडीन म्हणजे एन नदीच्या खोऱ्याचा खालचा भाग, ग्राउब्युंडन कँटनचं, म्हणजे इथल्या राज्याचं, पूर्वेकडचं टोक. इथून ऑस्ट्रियाची हद्द हाकेच्या अंतरावर.

पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. मला रात्रपाळी होती. नव्वदी उलटलेल्या एक आजी होत्या, स्मृतिभ्रंश झालेल्या. एरवी शांत असायच्या. त्या रात्री मात्र त्या सारख्या "आवा, आवा" करत होत्या. जर्मनमध्ये काही दुखलं की तोंडातून "आवा" निघतं, आपल्या "आई गं"सारखं. मी त्यांचं पोट चाचपलं, गुडघे पाहिले, कूस बदलून दिली, दुखण्याची गोळी द्यावी का म्हणून फाइल काढली. त्या माझा हात ढकलायच्या आणि रडवेल्या होऊन पुन्हा तेच म्हणायच्या. असा दीड तास गेला. पहाटे साफसफाईला आलेली पोर्तुगीज बाई दारातूनच मला म्हणाली, "अगं, त्या पाणी मागताहेत."

इथल्या रोमान्शमध्ये आवा म्हणजे पाणी. आजी दोन ग्लास पाणी प्यायल्या आणि झोपल्या.

आजींना जर्मन येत नव्हतं असं नाही. शाळेत शिकलेल्या, दुकान चालवताना जन्मभर वापरलेल्या. पण आजारात ती भाषा आधी गेली आणि आईच्या तोंडून आलेली मागे राहिली. माझ्याकडे जर्मनचं प्रमाणपत्र होतं आणि त्या माउलीला तहान लागली आहे एवढंही मला कळलं नव्हतं. ती पोर्तुगीज बाई कुठल्याच वर्गाला गेली नव्हती. तिची मुलं गावच्या शाळेत जायची, त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून ती शिकली होती.

आता साठ हजारांबद्दल. आकडा बरोबर आहे. रोजच्या जगण्यात रोमान्श वापरणारे साठ हजारांच्या आसपास, आणि हीच आपली मुख्य भाषा असं सांगणारे चाळीस हजारांच्या. वानखेडे स्टेडियम दोनदा भरलं की संपली ही सगळी माणसं. त्यांतली पुष्कळ आज या खोऱ्यांत राहतही नाहीत. शिक्षणाला, नोकरीला कूर किंवा झुरिकला गेली, तिथेच स्थिरावली. आमच्या खोऱ्यातून पूर्वी हलवाईकामासाठी व्हेनिसपासून थेट युरोपभर गेलेली माणसं उन्हाळ्यात घरी यायची. त्यांना इथे "रन्दुलिन्स" म्हणतात, म्हणजे पाकोळ्या. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला गणपतीला कोकणकन्येतून उतरणारे आमचे चाकरमानी आठवले.

ही भाषा आली कुठून? इसवी सनापूर्वी १५ साली रोमन सैन्यानं हा डोंगराळ रेटिया प्रांत जिंकला आणि इथल्या लोकांच्या तोंडी सैनिकांची, व्यापाऱ्यांची बोलीतली लॅटिन बसली. तिची ही लेक. रोमन साम्राज्य गेलं, ती राहिली. १८०३ मध्ये ग्राउब्युंडन स्विस संघराज्यात आलं तेव्हा कँटनमधले जवळजवळ निम्मे लोक रोमान्श बोलायचे. २००० सालच्या जनगणनेत सातांतला जेमतेम एक उरला होता. तिच्यावर कुणी बंदी घातली नाही, कुणाला तुरुंगात टाकलं नाही, शाळाही जाळल्या नाहीत. मग ती एवढी आटली कशी? याचं उत्तर आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसांपर्यंत येऊन पोहोचतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कूर हे कँटनचं मुख्य शहर. तुमच्यापैकी बरेच जण तिथे गाडी बदलतात. पंधराव्या शतकापर्यंत ते रोमान्श शहर होतं. १४६४ मध्ये मोठी आग लागली आणि शहराचा बराच भाग जळाला. तो पुन्हा बांधायला उत्तरेकडून जर्मन बोलणारे सुतार, गवंडी, लोहार आले. काम झाल्यावर ते तिथेच राहिले. त्यांनी रोमान्श शिकायचे कष्ट घेतले नाहीत. गावानं त्यांच्याशी जर्मन बोलायचे कष्ट घेतले. काही पिढ्यांत शहर जर्मन झालं. तेव्हापासून या भाषेला स्वतःचं असं शहर नाही. मराठीतून एकट्या पुण्या-मुंबईला वजा करून बघा, म्हणजे कळेल.

पुढे सेंट मॉरित्झचं तेच झालं. त्याचं रोमान्श नाव सान मुरेत्सान. एकोणिसाव्या शतकात हॉटेलं उभी राहिली, १९०४ मध्ये आल्बुलाच्या घाटातून आगगाडी तिथे पोहोचली. मालक, नोकर, पाहुणे सगळे बाहेरचे. घराघरातली भाषा आधी हॉटेलात अडचणीची ठरली, मग दुकानात, मग शाळेत. आपल्याकडचे पर्यटक त्या लाल गाडीतून डोकं बाहेर काढून फोटो घेतात, तेव्हा खालच्या गावांतून काय वाहून गेलं हे त्यांना कळणं शक्यच नाही. पण आपण तर इथे राहतो.

आमच्या वृद्धाश्रमात सकाळी नऊला कॉफीची सुट्टी असते. सात-आठ जणी एका टेबलाभोवती बसतात. पहिली दोन वर्षं मी खोलीत शिरले की चाललेलं बोलणं वाक्याच्या मध्यातून जर्मनकडे वळायचं. क्रियापद रोमान्श, कर्म जर्मन, इतक्या चटकन. मला तो पाहुणचार वाटायचा, आणि मनापासून केलेला पाहुणचारच होता तो. पण जरा मोजून बघा. रोमान्श बोलणाऱ्या सात जणी आणि न बोलणारी मी एकटी, आणि टेबलावर चालायची ती आमच्या आठ जणींपैकी एकीचीही मायबोली नसलेली भाषा. रोज वीस मिनिटं. मग बदली होऊन आणखी एक नर्स आली, मग एक स्वयंपाकी आला. रोमान्श अशी मरते. खुर्चीवर एक माणूस वाढतं आणि ती उठून जाते.

हे तुम्हाला परकं वाटायला नको. दादरच्या सोसायटीत अकरा मराठी घरं आणि एक बाहेरचं असलं की मीटिंग हिंदीत होते. रिक्षावाल्याशी आपण हिंदीत सुरू करतो, तो सांगलीचा निघाला तरी हिंदीतच संपवतो. आणि नंतर चिडून म्हणतो, "तीस वर्षं मुंबईत राहतात, यांना मराठी का येत नाही?" हा राग मला मान्य आहे, माझ्यातही आहे. मात्र एंगाडीनच्या टेबलावर तीस वर्षं राहून न शिकणारे ते आपण आहोत. फरक एवढाच, की इथे ते आपल्याला कुणी ऐकवत नाही. आणि मराठीमागे आठ कोटी माणसं उभी आहेत. इथे एका गावातली चार कुटुंबं इकडची तिकडे झाली तर शाळेतल्या मधल्या सुट्टीची भाषा बदलते.

तुम्ही म्हणाल, सरकार काय करतं? करतं, बरंच करतं. खिशातली नोट काढा: तिच्यावर चार भाषांत बँकेचं नाव आहे, त्यातलं "बांका नात्सियुनाला स्वित्स्रा" हे रोमान्श. पासपोर्टवरही ती आहे. २० फेब्रुवारी १९३८ ला देशभर मतदान झालं आणि रोमान्श ही चौथी राष्ट्रभाषा व्हावी असं ९१ टक्क्यांहून जास्त मतदारांनी सांगितलं. (मतदार फक्त पुरुष, इथल्या बायकांना देशपातळीवर मत मिळायला १९७१ उजाडलं.) त्या काळी पलीकडे इटलीत मुसोलिनी होता, आणि रोमान्श ही तर आमचीच एक बोली असं तिकडचे काही विद्वान म्हणत होते. इथले लोक त्यावर म्हणत, आम्ही इटालियन नाही, जर्मन नाही, आम्हाला रोमान्शच राहायचंय. त्या एका दिवशी सगळा देश त्यांच्या मागे उभा राहिला. मग १० मार्च १९९६ च्या मतदानानं रोमान्श भाषकांना संघराज्याच्या कचेऱ्यांशी त्यांच्या भाषेत पत्रव्यवहार करायचा हक्क मिळाला. १९१९ पासून लिया रुमांचा ही संस्था काम करते आहे. रेडिओ आहे, टीव्हीवर बातम्या आहेत, १९९७ पासून "ला कोतिदियाना" नावाचं दैनिक आहे. महाकोशाचं काम १९०४ मध्ये सुरू झालं, पहिला भाग १९३९ मध्ये छापला, आणि वर्णमाला अजून पूर्ण झालेली नाही. एवढ्याशा समाजानं एवढा मोठा कोश हाती घेतला, याचं मला अतोनात कौतुक आहे.

पण कॉफीच्या टेबलावर कुठलाही कायदा येऊन बसत नाही. तिथे मीच असते.

आणि जो कायदा खरोखर आपल्यापर्यंत पोहोचतो, तो आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. कँटनच्या भाषा कायद्यानुसार गावात ४० टक्के लोक रोमान्श समाजातले असले तर गावाचा कारभार आणि शाळा रोमान्शमध्ये. २० टक्क्यांच्या वर असले तर दोन भाषांत. "समाजातले" कोण, हे रक्तावर किंवा आडनावावर ठरत नाही. जनगणनेत भाषेबद्दल जे प्रश्न असतात, त्यांतल्या एकाही प्रश्नाला ज्यानं रोमान्श असं उत्तर दिलं, तो त्या समाजातला. म्हणजे कुडाळची मी, शाळेत जाणारी माझी मुलगी, आम्ही दोघी मोजल्या जातो! जगात किती भाषा अशा असतील, ज्या बाहेरून आलेल्या माणसाला इतक्या सहज आपल्यात धरतात?

आता मुलांचं. ही काळजी खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. घरी मराठी, शाळेत रोमान्श, मग जर्मन, मग इंग्रजी: पोराच्या डोक्यात मावणार किती? मी काय केलं ते सांगते. थोरल्याला बालवाडीत घातलं त्या दिवशी मी बाईंना सांगून आले, "त्याच्याशी जर्मनमध्ये बोला, आम्ही इथे किती दिवस राहू माहीत नाही." बाई हो म्हणाल्या. पंधरा दिवसांनी त्याला घ्यायला गेले तर घसरगुंडीपाशी चार पोरं त्याच्याभोवती होती, आणि ती आपसातसुद्धा मोडकंतोडकं जर्मन बोलत होती. पाच-पाच वर्षांची पोरं. माझ्या एका वाक्यानं चार मुलांचा खेळ दुसऱ्या भाषेत गेला होता. ते दृश्य आजही मला टोचतं. दुसऱ्या दिवशी जाऊन मी ते वाक्य परत घेतलं.

शाळेचा क्रम असा: बालवाडीपासून सगळं रोमान्शमध्ये, तिसरीपासून जर्मन, पाचवीपासून इंग्रजी. जर्मन येत नाही असा एकही मोठा रोमान्श माणूस तुम्हाला इथे भेटणार नाही. नुसती रोमान्श येणारे लोक केव्हाच संपले. तेव्हा तुमच्या मुलाचं जर्मन हुकेल ही भीती मनातून काढा. जर्मन टाळून या देशात कुणालाच मोठं होता येत नाही. हुकेल ती रोमान्श, कारण ती शिकायचं वय हेच आणि जागाही हीच.

मराठीबद्दलही माझा अनुभव सांगते. धाकटी दुसरीत असताना बाईंनी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि दहापर्यंत मराठीत मोजायला सांगितलं. शेजारी त्यांनी आपले आकडे लिहिले: त्राइस, सेट, ओत, नोउव, देश. आमचे तीन, सात, आठ, नऊ, दहा. वर्ग ओरडायलाच लागला. त्या दिवशी पोरगी घरी येऊन म्हणाली, "आई, आपली भाषा यांच्या भाषेची चुलत बहीण आहे." लहान भाषेत वाढलेल्या बाईंना दुसऱ्याची भाषा मधे येत नाही. मराठी कशाला शिकवता, असं या गावात मला आजवर एकानंही विचारलेलं नाही.

"पण रोमान्श तरी कुठली शिकायची? पाच प्रकार आहेत ना?" हेही ऐकते. आहेत. सुरसिल्वान, सुतसिल्वान, सुरमिरान, पुतेर आणि आमची वालादेर. प्रत्येकीची स्वतंत्र लेखनपद्धती, स्वतःची पुस्तकं. पुतेरमध्ये सामेदानच्या बिफ्रुननं १५६० मध्येच बायबलचा नवा करार छापला होता. "मी" म्हणायला एकीत "येउ", एकीत "इया", आमच्यात "एउ". सुतसिल्वान बोलणारे तर हजारभरच उरलेत. १९८२ मध्ये झुरिकचे भाषातज्ज्ञ हाइनरिश श्मिड यांनी या सगळ्यांतून एक सामाईक लेखी भाषा बांधली, रुमान्च ग्रिशुन. सरकारी कागदांसाठी ती सोयीची आहे, पाच-पाच भाषांतरं कोण करणार? पण ती शाळेत आली तेव्हा घरोघरी ठिणगी पडली. शेजारच्या म्युश्तायर खोऱ्यातल्या शाळांनी ती घेतली आणि काही वर्षांतच त्या परत वालादेरवर आल्या. आईबापांचं म्हणणं होतं, ही आमच्या आजीची भाषा नव्हे.

मला ते पटकन समजलं. पहिलीत मी "माका पेन्सिल व्हयी" म्हणाले आणि सगळ्या वर्गासमोर "मला म्हण, मला" असं दहा वेळा म्हणायला लागलं होतं. प्रमाण मराठीनं मला पुढे खूप दिलं, हे पत्रसुद्धा तिच्यातच लिहिते आहे. तरी त्या दिवशी मी घरी जाऊन आजीशी बोलले नाही, कारण ती चुकीचं बोलते असं मला वाटलं होतं. त्यामुळे माझं सांगणं सोपं आहे: ज्या गावात राहाल तिथली शिका. आमच्या खोऱ्यात आलात तर वालादेर, पलीकडे सुरसेल्वात गेलात तर सुरसिल्वान. बाकीच्या हळूहळू कानाला कळायला लागतात, मालवणी माणसाला कोल्हापुरी कळते तशा.

पहिले सहा महिने जड जातील. उच्चार चुकतील. सगळ्यात कठीण व्याकरण नाहीच. कठीण असतं ते समोरच्याला जर्मनकडे वळू न देणं. तुम्ही अडखळलात की तो दयेनं जर्मन सुरू करतो. तेव्हा म्हणायचं, "रुमान्च, पेर प्लाजैर." कृपा करून रोमान्श. एवढंच वाक्य पाठ करून या. मी ते कॉफीच्या टेबलावर पहिल्यांदा म्हटलं तेव्हा खोली गप्प झाली. मग आमच्या मुख्य परिचारिकेनं, जी एरवी फार बोलत नाही, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि मला कप, साखर, खिडकी, बर्फ असे शब्द बोट दाखवून सांगायला लागली. त्यानंतर त्या टेबलावर मला पूर्ण वाक्यं जमेपर्यंत दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात कुणीही माझ्यासाठी भाषा बदलली नाही. त्यापेक्षा मोठा मान मला या देशात मिळालेला नाही.

तेव्हा झुरिकच्या त्या जोडप्याला आणि त्यांच्यामागून येणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती: शाळेत जर्मनची सोय मागू नका. दुकानात शिरताना "अलेग्रा" म्हणा. उन्हाळ्यात रोमान्शचे वर्ग भरतात, तिथे नाव घाला. नवराबायको दोघंही घाला. एकटी आई शिकली आणि वडील जर्मनवर राहिले की घरात पुन्हा तेच टेबल तयार होतं. जनगणनेचा कागद आला की भाषेच्या रकान्यात मराठीबरोबर, मुलं शाळेत जी बोलतात तीही लिहा. झुरिक-बाझेलला राहणाऱ्यांनी सुट्टीला इथे आल्यावर वाटाड्याशी, घरमालकिणीशी निदान नमस्कार आणि आभार तरी तिच्या भाषेत म्हणावेत. "ग्रात्सिया फिच" म्हणजे खूप खूप आभार. ते ऐकून तिचा चेहरा कसा होतो ते तुम्हीच बघा.

त्या "आवा" म्हणणाऱ्या आजी चार वर्षांपूर्वी गेल्या. शेवटच्या आठवड्यात त्यांच्याजवळ बसून मी त्यांना त्यांच्याच भाषेत हवापाणी सांगायचे: आज बर्फ पडला, आज ऊन आहे, एन नदी गोठली नाही. त्यांना काय कळत होतं देव जाणे. पण त्या "शी, शी" म्हणायच्या, म्हणजे हो, हो, आणि माझं बोट सोडायच्या नाहीत.

१ मार्चला इथे चालांडामार्त्स असतो, रोमन नववर्षाचा दिवस. निळे सदरे, लाल टोप्या घातलेली मुलं गळ्यात गुरांच्या घंटा अडकवून गावातल्या प्रत्येक पाणवठ्याला फेरी घालतात, गातात, हिवाळ्याला हाकलतात. बैलपोळ्याच्या घुंगरांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. आदल्या दिवशी मुलांना घेऊन आमच्याकडे मुक्कामाला या. थोरल्याची घंटा आता त्याला लहान होते, ती मी घासूनपुसून ठेवली आहे.

आपली,
उंटर-एंगाडीनमधली एक मराठी परिचारिका